बेल वाजवू नये

...निवांतपणा? आणि या घरात? अहो, कुठून मिळणार! रिटायर झालेल्या माणसाने मागावं तरी काय, एक खुर्ची, एक कप चहा आणि डोक्याला शांतता... पण नाही! मी डोळे उघडायच्या आत खिडकीत बुलबुलांचा आरडाओरडा, थाळीतलं पाणी संपलं म्हणून! जसा काही मी त्यांचा पगारी गडी. बरं, थाळी ठेवली कोणी? मीच! ही गेली, आणि बागेतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून मी कशाला हातच लावला नाही. तर गवत माजलं, गवतात नाकतोडे आले, नाकतोड्यांमागोमाग बेडूक आला, आणि साहेबांनी बिऱ्हाड कुठे थाटलं? हिच्या गमबुटात! नळापाशी ठेवून गेली ना, तसेच आहेत अजून... डाव्यात तो राहतो. उजव्यात मी थोडा पाला घालून ठेवलाय, म्हटलं, त्यालाही कोणी सोबत मिळाली तर बरं. तुम्हाला सांगतो, निवांतपणा म्हणून नाही या घरात.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, गवत काढा हो, एखाद दिवशी साप निघेल." मी म्हटलं, निघू दे की, त्यालाही चहा पाजू. तेव्हापासून त्या कुंपणाकडे फिरकलेल्या नाहीत.

आणि बुलबुलीणबाईंनी तर कहरच केला. अख्खी बाग आंदण दिलेली, तरी घरटं कुठे? दाराच्या बेलवर! पावसासाठी वर पत्रा ठोकलाय ना, त्याच्या आडोशाला, बरोब्बर बटणावर! आता बेल दाबायची तर बोट थेट अंड्यांत. मग लावली पाटी, 'बेल वाजवू नये. पिल्लं आहेत.' मी मागच्या दाराने ये-जा करतोय, टीव्ही मुका करून बघतोय, शिंक आली तर न्हाणीघरात पळतोय... दूधवाला आधी निदान "काका, दूध" म्हणायचा, तो आता पिशवी फाटकाला अडकवून पसार. मुलाचा फोन आला, "बाबा, रविवारी यायचं म्हणत होतो, पण जरा..." मी म्हटलं, नकोच येऊस, बेल बंद आहे, पिल्लं उडाली की ये. "चालेल बाबा, तसंच करू." लगेच म्हणाला हो... इतक्या लगेच.

उडाली पिल्लं. मीच फोन केला, अरे, उडाली पिल्लं! तर म्हणतो, "कुणाची, बाबा?"

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. तरी पाटी काढली, घरटं अलगद जाईच्या वेलात ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुढच्या खोलीत बसलो. सोमवार गेला, मंगळवार गेला... म्हटलं, बटणात काडी अडकली असणार, नाहीतर एवढ्या दिवसांत कोणीच कसं येत नाही? बाहेर गेलो आणि दाबली. अशी खणखणीत वाजली म्हणून सांगू, बेडकाने डोकं आत घेतलं! आणि मी... बाहेर उभा राहून, सवयीने... "आलो, आलो!"

मग काय, पाटी परत लावली. कोणी येत नाही, त्याला काहीतरी कारण नको?