बेचाळीस पिढ्यांचा उतारा

पाळक : ...आणि म्हणून, रतनबाई, आज या मंडळीवरचा अंधार फाटणार आहे! सैतानाची या पंचक्रोशीतली शेवटची चौकी आज, भर दुपारी, जमीनदोस्त होणार आहे!

रतनबाई : व्हईल वो. आधी पाय उचला. कुरडयांवर उभं ऱ्हायलाय तुमी.

आप्पासाहेब : मी म्हणतच होतो, साहेब, आधी बसू या.

पाळक : मी बसायला आलेलो नाही. आप्पासाहेब, तुम्ही पंच कमिटीचे सेक्रेटरी आहात. ठराव वाचा.

आप्पासाहेब : वाचतो. "पंच कमिटीच्या सभेत सर्वानुमते असे ठरले की, मंडळीच्या सभासद श्रीमती रतनबाई लूकस साळवे, वय वर्षे शहात्तर..." मावशी, शहात्तरच ना?

रतनबाई : लिवा काय बी. सत्तर झाल्यावर मोजायचं सोडलं मी.

आप्पासाहेब : "...या शास्त्रवचने आणि जादूटोणा यांची भेसळ करून लोकांचे उतारे काढतात. मुद्दा एक. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या रोग्यावरून सात वेळा ओवाळून चुलीत टाकतात."

रतनबाई : साफ खोटं.

पाळक : खोटं? खोटं असेल तर मला आनंदच आहे.

रतनबाई : सात न्हाई, तीन. बापाच्या नावानं एक, पुत्राच्या नावानं एक, पवित्र आत्म्याच्या नावानं एक. सात वेळा ती बाकीची लोकं ववाळत्यात. आपल्यात सात कसं चालंल?

आप्पासाहेब : दुरुस्ती करून घेऊ का, साहेब?

पाळक : तीन काय आणि सात काय! पुढं वाचा.

आप्पासाहेब : "मुद्दा दोन. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्यांची राख पुडीत बांधून देतात."

रतनबाई : ती कपाळाला लावायला. मागं एका गड्यानं चहात घालून पिली. तवापासनं पुडी देताना सांगते, बाबा, पिऊ नको.

आप्पासाहेब : "मुद्दा तीन. लिंबावर क्रूस कोरून उंबऱ्यात ठेवायला लावतात."

रतनबाई : लिंबू सोडलं. उन्हाळ्यात कुठं परवडतंय.

आप्पासाहेब : "मुद्दा चार, सर्वांत गंभीर. रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, प्रभू येशूची अब्राहामापासूनची बेचाळीस पिढ्यांची वंशावळ मंत्राप्रमाणे म्हणतात. एकही नाव चुकत नाही. मध्ये एकदाच खोकतात, दावीद राजा झाल्यावर."

पाळक : आप्पासाहेब, खोकल्याचं तुम्हाला कसं कळलं?

आप्पासाहेब : तक्रारीत आहे.

पाळक : तक्रार कुणाची?

आप्पासाहेब : माझी. म्हणजे, सूनबाईला घेऊन आलो होतो. एकदा. तपासाच्या हेतूनं. मग आणखी तीनदा.

रतनबाई : तुमी सोता बसला हुता की, आप्पा. कंबर धरली हुती तवा.

आप्पासाहेब : तोही तपासच.

पाळक : रतनबाई, भुताखेतावर वंशावळ? अहो, रविवारी लोक ते पान आलं की जांभया देतात!

रतनबाई : तेच तर. माझ्या सासूनं, छबूबाईनं, शिकवलं मला. ती मिशनच्या पगारावर गावोगाव शास्त्र सांगत हिंडायची. तवा गावात एक देवऋषी हुता. कुनाला लागीर झालं का तो भुताला इचारायचा, तुजं नाव काय, गाव कंचं, तू कुनाचा? भूत लई खूश व्हायचं. जित्तेपनी त्याला कुनी इचारलेलं नसायचं. मग तास तास बोलत बसायचं, उठायचं नावच न्हाई. सासू म्हनली, आपुन त्याला काय बी इचारायचं न्हाई. आपलीच बेचाळीस नावं ऐकवायची. किती दम धरल ते?

पाळक : आणि जातं?

रतनबाई : शलतिएलाचं नाव येस्तवर उठतंयच.

पाळक : आणि नाहीच उठलं तर?

रतनबाई : मग ते भूत न्हाई. त्याला मी कोल्हारला दवाखान्यात धाडते. बहुतेकदा शुगर निघती.

पाळक : बास. हे इथंच थांबलं पाहिजे. हा कागद. "यापुढे मी उतारा काढणार नाही." यावर अंगठा द्या, नाहीतर पुनरुत्थानाच्या रविवारी तुम्हाला प्रभुभोजन मिळणार नाही. मला कल्पना आहे, तुम्हाला याचं दुःख होईल, तुम्ही रडाल, भांडाल...

रतनबाई : शाई कुठंय?

पाळक : काय?

रतनबाई : अंगठ्याला शाई लागती ना. आनली न्हाई व्हय? आप्पा, सगळी कमिटी बसली अन् शाई कुनाच्या ध्यानात न्हाई? ऱ्हाऊ द्या. तव्याची काजळी हाय. हे घ्या. उठला का नीट? न्हाईतर दुसराबी देते.

पाळक : तुम्ही... विरोध करणार नाही?

रतनबाई : पाळकसाहेब, तीन वर्सं वाट बघतीय मी, कोन बंदी घालतंय म्हनून. आधीचे पाळक लई भले मानूस. बघून न बघितल्यावानी करायचे. तुमी आलात दोन महिन्यामागं, तवा पहिल्याच रविवारी सैतानाच्या नावानं वरडलात. म्हनलं, हा मानूस कामाचा हाय.

आप्पासाहेब : मावशी, असं घाईनं नको...

रतनबाई : घाई? सकाळी दार उघडलं का कोनतरी बसलेलंच. न्हाई म्हनलं तर म्हातारी भाव खाती. आजारी हाय म्हनलं तर बरी हुस्तवर बसून ऱ्हात्यात. नाताळात मला ताप हुता, तर म्हनले, मावशी, पडल्या पडल्या म्हना. म्हनले मग, पडल्या पडल्या. अन् प्रभुभोजनाचं काय सांगता? तुमच्या हातची भाकर तोंडात घेतीय न घेतीय, तवर मागच्या बाकावरनं कोनतरी पदर वढतंय, मावशी, उद्या येऊ का? धा वर्सं झाली, एक घास शांतपनी गिळला न्हाई मी. आता सांगता येईल. चर्चनं बंदी केलीया. अंगठा हाय.

पाळक : आप्पासाहेब, हा ठराव रविवारी वाचून दाखवायचा.

रतनबाई : अन् यष्टी स्टँडावर चिकटवा. मोठ्या अक्षरात.

आप्पासाहेब : साहेब, एक सूचना होती. एकदम बंद करण्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं केलं तर? सूनबाईला आठवा महिना आहे.

पाळक : ठराव सर्वानुमते झालाय!

आप्पासाहेब : झालाय ना. सर्वानुमते म्हणताना मीही हात वर केला होता. पण घरात सूनबाईचा हात वर असतो.

रतनबाई : आप्पा, अंगठा झालाय माझा. आता ओट्यावर ती भीमाबाई बसलीया, तिला आत घ्या. पाथर्डीकडची हाय, ऊसतोडीच्या टोळीतली. तिच्या पोरीम्होरं उसाची बैलगाडी पलटी झाली. कुनाला काय लागलं न्हाई, पर पोरगी दचकली. चार दिस झोप न्हाई. दवाखाना झालाय, डाक्टर म्हनला सगळं ठीक हाय.

पाळक : मग तिला सांगा, बंद केलं म्हणून.

रतनबाई : सांगते की. सांगते, आजपासनं पाळकसाहेब बघनार.

पाळक : मी?

रतनबाई : मग कोन? पोरगी तर हाय ना बाहेर.

(मुलगी खाली बसलेली, पाळकांसमोर. आई दारात उभी. आप्पासाहेब तिच्याशी हळू बोलून इकडचं तिकडे सांगताहेत.)

पाळक : हे स्वर्गीय पित्या, या लेकराला शांती दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन. झालं, बाई. न्या तिला.

आप्पासाहेब : ती विचारतेय, एवढंच का?

पाळक : एवढंच पुरेसं असतं.

आप्पासाहेब : म्हणतेय, उन्हाची चार कोस चालत आलेय. ती नावं घ्या म्हणतेय.

पाळक : बरं. अब्राहाम. इसहाक. याकोब. यहूदा. पेरेस. हेस्रोन. मग... अराम. अम्मीनादाब. सल्मोन.

रतनबाई : नहशोन ऱ्हायला.

पाळक : रतनबाई, तुम्हाला बंदी आहे.

रतनबाई : मी कुठं म्हनतीय? चुकलेलं सांगतीय.

पाळक : नहशोन. सल्मोन. बवाज. ओबेद. इशाय. दावीद. शलमोन. रहबाम. आणि मग... आणि...

आप्पासाहेब : साहेब, पोरगी टक्क डोळ्यांनी तुमच्याकडं बघतेय.

पाळक : सेमिनरीत आम्ही इथून पुढचं पान उलटायचो.

रतनबाई : सगळेच उलटत्यात. हात ठेवा तिच्या डोक्यावर. आसा दाबून न्हाई, आशीर्वाद देताय व्हय? पाखरू धरल्यावानी. आन् सावकाश. तुमाला पुढच्या गावाची यष्टी धरायची न्हाई. म्हना, अबीया.

पाळक : अबीया.

रतनबाई : आसा.

पाळक : आसा.

रतनबाई : यहोशाफाट. ह्यो जरा लांबवायचा.

पाळक : यहोशाफाट... योराम... उज्जीया...

रतनबाई : योथाम. आहाज. हिज्कीया.

पाळक : हिज्कीया. मनश्शे.

आप्पासाहेब : झोपली. साहेब, झोपली हो!

पाळक : खरंच झोपली.

रतनबाई : थांबू नका. सतरा उरलेत.

पाळक : अहो, पण ती झोपली ना आता.

रतनबाई : सुरू केलं का शेवटाला न्यायचं. हितं सोडलं तर नुसते राजेच पडत्यात पदरात. येशू यायचा ऱ्हातो.

पाळक : ...म्हणा. मी मागून म्हणतो.

रतनबाई : आमोन.

पाळक : आमोन.

आप्पासाहेब : मी तोवर बाहेर बसतो. मला हे ऐकलं की माझे डोळे मिटतात.

(सतरा नावांनंतर.)

आप्पासाहेब : गेली भीमाबाई. पोरीला खांद्यावर टाकून गेली. साहेब, ती विचारत होती, टोळीतल्या आणखी दोघी आहेत, उद्या येतील. पाळकसाहेब राहतात कुठं?

पाळक : तुम्ही काय सांगितलंत?

आप्पासाहेब : चर्चच्या मागं.

पाळक : रतनबाई, तो कागद जरा द्या. पुन्हा वाचतो. भाषा थोडी कडक झालीय वाटतं.

रतनबाई : देत न्हाई.

पाळक : प्रभुभोजन मी तुम्हाला देणारच आहे. कागदाची गरज नाही. तुम्ही चालू ठेवा. मीही, आधीच्या पाळकांसारखं, बघून न बघितल्यासारखं...

रतनबाई : तुमी नका बघू. माझ्या गुडघ्यांचं काय? त्यास्नी दिसतंय ना. कागद आता माझा हाय. रविवारी भाकर घेईन, चावून चावून खाईन. अन् मागनं कुनी पदर वढला तर तुमच्याकडं बोट करीन.

आप्पासाहेब : आणि आमची सूनबाई?

रतनबाई : पाळकसाहेबांस्नी मनश्शेपतुर येतंय. ती बाळंत हुस्तवर बाकीचं पाठ हुईल.

पाळक : मला पाठांतर कधीच जमलं नाही, रतनबाई. उपदेशसुद्धा मी कागदावर लिहून नेतो.

रतनबाई : मला अक्षर येत न्हाई, तरी एका पावसाळ्यात झालं. भाकरी थापताना म्हनायचे. तुमी दाढी करताना म्हना.

पाळक : आणि यहोशाफाट लांबवायचा.

रतनबाई : तेवढं करा.

आप्पासाहेब : चला, साहेब. ऊन उतरलंय. येतो, मावशी.

रतनबाई : आप्पा, जाताना दार वढून बाहेरनं कडी घाला. घरात कोन न्हाई आसं दिसंल. मी जरा पडते. दिस मावळताना तेवढं येऊन उघडा.