छान होती

नाही, नाही, उठवू नका हो तिला! आत्ता कुठं डोळा लागलाय ठकीचा — बसा, टेका जरा, ऑफिसातून तशाच आलात. बाकीची पोरं केव्हाच आपापल्या घरी गेली. पडद्यामागून येतोय ना, घर्र घर्र, तो तिचाच आवाज, निजलीय मजेत. तर काय म्हणत होतात — ऑपरेशन दोन महिन्यांनी? मग झालं तर! तोवर ही घरघर आपोआप जाईल बघा. एवढ्याशा जिवाची छाती उघडायची म्हणजे काय खायचं काम आहे? माझं ऐकाल तर करूच नका. मघाशी बोटांनी दाखवलंत ते परत दाखवा बरं. हं — हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते, सगळ्यांची एका बाजूनं वळून खाली जाते, आणि ठकीची दुभंगून दोन्ही बाजूंनी वळते अन् मागं परत जुळते. झाली अंगठी. आणि त्या अंगठीत सापडल्या श्वासाची नळी अन् अन्नाची नळी. अस्सं. आणि डॉक्टर काय करणार, तर बरगड्यांमधून आत शिरून अंगठीची बारीक बाजू कापणार, दोन्ही टोकं शिवणार, की नळ्या मोकळ्या! ऐकायला काय, सोपंच वाटतं. इतकं सोपं असतं तर — जाऊ दे.

अहो, माझ्या हाताखालून पोरांच्या पलटणी गेल्यात. पाळणाघर म्हणजे कानाचं काम, ताई. मी ओट्याशी असले तरी कान त्या खोलीत. कोण रडतंय, कोण नुसतं सोंग करतंय, कुणी तोंडात काय कोंबलंय, सगळं इथून कळतं मला. आणि ठकीचा आवाज तर मी पहिल्याच दिवशी ओळखला. तुम्ही दारात तिला माझ्याकडं दिलीत अन् मी चौकटीला टेकले, तुम्हाला वाटलं, म्हातारीला पोर जड झालं. ओळखला म्हणजे — म्हणजे ऐकलेला होता आधी. घरातच. माझ्या मुलीचा.

म्हणून तर मला ठाऊक ना, हिला सरळ निजवायचं नाही! खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी अन् मान मागं टाकलेली, की श्वास कसा सुटतो बघा. मला कुणी शिकवलं? कुणी नाही. माझी पोरगी आपणहून तशी निजायची, तिनंच शिकवलं. दमा म्हणाले तिला. दम्याची औषधं, वाफारे, सगळं केलं. घास तोंडात धरून बसायची, गिळायचीच नाही, तर सासूबाई म्हणायच्या, नखरे आहेत, लाडावून ठेवलीय आईनं. मोठी झाली की बरी होईल, म्हणाले सगळे. मग एकदा सर्दी झाली. साधी सर्दी हो, शेजारच्या पोरांना झाली तशीच. तेवढ्याचं निमित्त झालं — असं बघू नका माझ्याकडं. जुनी गोष्ट आहे. मी ठकीचं सांगतेय. ठकीचं तसलं काही नाही, ठकी गुणी आहे, आज दुपारी दूध पिताना जराशी निळी पडली तेवढीच, पण लगेच —

निळी म्हणजे काय, ओठ फक्त. ओठांच्या कडा. पालथी घेतली, पाठ चोळली, मान मागं केली, की आली भानावर. नाही हो, पहिल्यांदा कुठं. म्हणजे अधूनमधून. रोज नाही. सांगितलं नाही म्हणजे — काय सांगायचं, ताई? आमच्या धंद्याची रीतच आहे ही. दिवसभर राबून आई दारात येते, अंगात त्राण नसतं, तिला काय सांगू, पोर पडलं, ओकलं, तासभर भोकाड पसरून बसलं? मग तिला घास गोड लागेल? 'छान होती' म्हणायचं अन् पोर हातात द्यायचं. सगळ्या आयांना मी हेच सांगते. तुम्हालाही रोज तेच सांगितलं, त्यात एवढं काय —

काय विचारलं होतं डॉक्टरांनी? निळी पडते का म्हणून? आणि तुम्ही म्हणालात, कधीच नाही.

म्हणून दोन महिने.

थांबा. एक मिनिट, बोलू नका — आवाज कुठं गेला? ताई, आवाज थांबलाय! सरका, सरका बाजूला — टॉवेल निसटलाय बघा, हनुवटी छातीला टेकलीय — ये गं ठके, ये माझी राणी ती, मान अशी, घे, श्वास घे — घे म्हणते ना! — हां. आली. आली हो. ऐका, घर्र. ऐकलंत? आता हे ओठ बघा तिचे. नीट बघा, ही कड अजून निळी आहे. डोळे नका मिटू, डॉक्टरांना सांगायचंय तुम्हाला.

घ्या तिला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तारखेला या म्हणतील, तर हलू नका तिथून. म्हणावं, पाळणाघरवाल्या बाईनं लपवून ठेवलं, निळी पडते, कितीदा पडली तिलाच विचारा. फोन लावून द्या मला, मी सांगते सगळं. अशी नका दाबू छातीशी, मान मागं — हं, अशीच. अन् मी मघाशी बोलले ते सोडून द्या. कापू दे त्यांना ती अंगठी. डॉक्टर खोटे ठरावेत असं वाटत होतं मला, दुसरं काय. ते खरं असेल तर माझ्याही पोरीला तीच असणार, अन् कापली असती तर — मी वाफ देत बसले, ताई. वाफ!

आणि बरी झाली की इथं आणू नका हिला. मी पोरं कानानं सांभाळते. ही गपचूप श्वास घेत माझ्या खोलीत निजली, तर मला सोसायचं नाही ते. आज छान नव्हती ठकी. कालही नव्हती. उभ्या काय राहिलात — जा! दार मी लावते.