परिपाठाला लाईट गेली नव्हती

आमी मूळचे अवसरी बुद्रुकचे. वडलांपर्यंत मेंढरं व्हती, वडलांनी दिलेली हाळी ह्या माळावरून त्या माळाला ऐकू जायची, मी मास्तर झालो आणि माझा आवाज घशातच राहिला. आळेफाट्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवतो.

शाळेत रोज सकाळी परिपाठ, प्रार्थना, दिनविशेष, मग एक पोरगं माईकवर बातम्या वाचायचं. पेपरातल्या वाचायची, दिल्लीच्या, क्रिकेटच्या. मीच म्हणालो, हे कशाला राव, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं सांगा, दोन्ही बाजू विचारा, आणि खरं असंल तर कुणाच्या बापाला भिऊ नका. काय सांगू तुमाला, हे मीच म्हणालो. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य असा धडा मीच घेतला, फळाभर.

तर नववीतल्या रूपालीनं बातमी आणली. मुलींच्या बाथरूमला पाणी न्हाई, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत न्हाईत. टाकीवर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव, हे एवढालं, आणि खाली नळ कोरडा. अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांनाबी विचारून आली. ते म्हणाले, बाळ, तू अभ्यास कर.

ती वाचायला उभी राहिली त्या सकाळी अध्यक्ष समोर खुर्चीत बसलेले. टाकीचं नाव निघालं तसं हेडमास्तरांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. माईकचं मशीन माझ्यापाशी व्हतं. मी बटण बंद केलं. कुणी माझा हात धरून करायला लावलं न्हाई, मीच केलं. पोरगी वाचत राहिली, पहिल्या रांगेपलीकडं शब्द गेला न्हाई. नंतर आली, सर, लाईट गेली व्हती का. मी म्हणालो, हो.

दुपारी परत आली. सर, ऑफिसातला पंखा तर फिरत व्हता. तुमची बाजू सांगा, उद्या वाचायचीय. मी म्हणालो, वर्गात जा.

दुसऱ्या दिवशी तिनं माईक बाजूला सारला आणि ओरडून वाचलं. काल परिपाठाला लाईट गेली नव्हती. सरांना विचारलं, सरांनी बाजू सांगितली नाही.

अख्खं मैदान माझ्याकडं बघत व्हतं.

त्याच दिवशी बातम्या बंद झाल्या, आता त्या जागी देशभक्तीचं गाणं असतं. हेडमास्तर मलाच म्हणतात, पोरांना डोक्यावर चढवलं तुमी. पोरी अजून उन्हातान्हात कोरड्या घशानं बसत्यात आणि आमी टाळ्या वाजवून गाणी म्हणून घेतो. अध्यक्षांचा राग येतो, हेडमास्तरांचा येतो, पण लई राग येतो तो माझ्या ह्या बोटाचा.

तुमी लिहून घेताय, घ्या. ही माझी बाजू, रूपालीनं मागितलेली. उद्या गाणं सुरू व्हायच्या आत मी उभा राहून हेच वाचणारे. बदली करतील, करू द्या. मशीनपाशी दुसरं कुणीतरी बसलेलं असंल, तेबी बटण दाबंल, दाबू द्या. मेंढक्याचा पोरगा हाय मी, हाळी द्यायला माईक कशाला लागतो.