मुनिराचं मत आणि माझी लिफ्ट

...आणि वर मलाच म्हणतो, ‘खाला, तुमच्याशिवाय कोण आहे मला?’ अरे, तीन वर्षं लिफ्ट बंद ठेवलीस तेव्हा कुठे होती रे खाला? चौथ्या मजल्यावर! गुडघे धरून!

तुम्हाला सांगते, हा यूसुफ म्हणजे कुवेतमधल्या आमच्या मिरकाबच्या बिल्डिंगचा मालक. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट, बाहेर नुसती आग आणि हे महाशय बर्फावर! आइस हॉकी म्हणे. बुटांना सुऱ्या, हातात काठी, रबराच्या एका चकतीमागे दहा जण, आणि चकती नाही मिळाली की एकमेकांना बदडायचं! फाटलेली जर्सी यायची माझ्याकडे. शिवण मला कुणी शिकवली नाही, लोकांचे कपडे उसवून शिकले मी, पण ह्याच्याएवढं फाडून कुणी आणलं नाही! पुढे युरोपात गेला, पगार घेऊन खेळला, पेपरात फोटो... आणि माझे चार मजले!

दोन हजार सहाला हा निवडणुकीला उभा! तंबू काय, बिर्याणीच्या पराती काय! मी परदेशी, मला कसलं मत? मग खाला का आठवली? तर ह्याची सख्खी आई, मुनिरा, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, ह्यालाच मत देईना! बायकांना पहिल्यांदाच मत मिळालेलं. म्हणते, ‘मिळालं एक, तेही घरातच घालवू? ह्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!’

यूसुफ दारात, धापा टाकत. ‘खाला, तुम बोलो. यम्मा, मेरी माँ, तुम्हारा सुनता है.’

‘आधी लिफ्ट.’

‘वल्ला, लिफ्ट!’ अल्लाची शपथच घेतली.

खरं सांगू? मुनिराचं मला पटलं होतं. माझ्या मनातलं बोलली होती बाई. पण चार मजले हो... गेले तिच्याकडे. माप घेता घेता म्हटलं, ‘मुनिरा, निवडून आला तर दिवसभर घराबाहेर राहील.’

‘दिवसभर?’

‘शुक्रवारीसुद्धा!’

फिरलं मत. दोन दिवस तिच्याकडे बघवेना मला, ते सोडा.

आला निवडून. शब्दाचा पक्का हो! नवी कोरी लिफ्ट, आत आरसा, पंखा... आणि माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये खासदारसाहेबांचं ऑफिस! कुणाला नोकरी हवी, कुणाला परदेशी उपचार, सकाळपासून रांग थेट रस्त्यापर्यंत. काल भाजी घेऊन आले, जरा पुढे सरकले, तर एकजण खेकसला, ‘खाला, पीछे, पीछे!’ अरे, मी माझ्या घरी चाललेय! पण ऐकतो कोण? रांगेत चाळीस माणसं, लिफ्टमध्ये मावतात सहा... पिशवी उचलली आणि जिना धरला.