लोट्यातली गंगा

नाही, पण धर्म कुठला, हे काय भर कचेरीत विचारायचं असतं का हो? माणूस हात जोडून उभा, बाहेर बैल सावलीत आहेत की उन्हात आले याचा घोर, आणि समोरून विचारतात, तुझा धर्म काय? मी आपलं सुचलं ते खरं सांगितलं, तर तेव्हापासून आमच्या वस्तीत माझं नाव निघालं की बायका कानाला हात लावतात. आता मला सांगा, मी काय वावगं बोललो?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल बलरामचं डोकं फिरलंय. मी इकडं पोर्ट लुईसच्या बेटावर, ग्रां बुआला, उसाच्या मळ्यावर बैलगाडी हाकतो. शेजारच्या खोपटात जयराम. एका जहाजातून आलो, एकाच बादलीत ओकलो, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. त्याची बायको हिरा, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि मळ्यावर सुईण नाही. होती, ती गेल्या वादळानंतर तापानं गेली, गुणी बाई होती बिचारी... ते जाऊ द्या. तर सुईण आणायची माएबूर्गहून. आणि मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मळ्याच्या साहेबाची चिठ्ठी लागते, नसली की तुम्ही पळपुटे, चला कोठडीत! जयराम गेला साहेबाकडे विचारायला, मी बैल घेऊन तिथंच उभा. साहेब घोड्यावर, घाईत, चिठ्ठी कोण लिहितो? तोंडानंच म्हणाला, जा, पण आज शनिवार, आज संध्याकाळच्या आत परत. हे मी ऐकलं. दुसरं कोणी ऐकलं नाही. तिथंच माझं नशीब फुटलं.

आता ही माएबूर्गची चंपा सुईण... तुम्हाला सांगतो, पोर पोटात थांबेल पण ही बाई चुलीवरचा भात टाकून उठणार नाही. भात झाला, तर म्हणे रात्रीचं मी चालत नाही. सकाळ झाली, तर म्हणे कोंबड्या शेजारणीच्या हवाली केल्याशिवाय निघत नाही, आणि शेजारीण गेलेली देवळात! जयराम दारात बसून नखं खातोय. शेवटी रविवारी दुपारी निघाले, बाई पुढं, जयराम मागं तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन, आणि पुलावर शिपायानं जयरामला धरला. चंपा काय, गाठोडं उतरवून घेतलं आणि एकटी चालत आली वस्तीवर. आली ती पहिलं जेवायलाच बसली, आणि जेवता जेवता हे सगळं तिनंच सांगितलं.

जयराम कोठडीत, हिरा इकडं रडतेय, मळ्याचा साहेब गेलेला पोर्ट लुईसला, आणि मजिस्ट्रेट म्हणतो साक्षीदार आणा, नाहीतर याला भटक्यांच्या तुरुंगात धाडतो. साक्षीदार कोण? मी! हिरा माझ्या पायाशी येऊन नुसती बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग आमचे तुलसीरामबुवा. वस्तीतली पूजाअर्चा तेच करतात, वडाच्या पारावर शेंदूर फासलेला दगड आहे त्याचे सगळे अधिकार यांच्याकडे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, साहेब सोमवारपर्यंत जा म्हणाला, एवढंच सांगायचं." मी म्हटलं, बुवा, गंगाजळाचा लोटा उचलायला लावतात, त्यावर खोटं बोलू? तर हसले, मान हलवून म्हणाले, "अरे, कसली गंगा! कचेरीचा शिपाई मागच्या ओढ्यावरून भरून आणतो. ओढ्याच्या पाण्याला कसलं आलंय पाप? खुशाल उचल." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! ज्यांनी देवाचं सांगायचं त्यांनीच मोकळीक दिली, मग आपण कोण?

तर गेलो कचेरीत. कुठली ते नका विचारू, नाव नको घ्यायला. सकाळी बैलांना मागच्या ओढ्यावर पाणी पाजलं, तेवढ्यात शिपाई आला, खालच्या अंगाला लोटा बुडवला, माझ्या बैलानं त्याच वेळी पाण्यात पाय घातला, शिपाई त्याच्यावर खेकसला आणि लोटा घेऊन आत गेला. मी मनात म्हटलं, बुवा खरं बोलले.

आधी तो पकडणारा शिपाई उभा राहिला. जाडं पुस्तक हातात घेतलं, त्याचा मुका घेतला आणि सांगितलं, हा इसम मला बघून पळत सुटला. पळत! डोक्यावर गाठोडं, पुढं चंपा! त्या बाईच्या मागं कोण पळू शकतं? मग माझं नाव पुकारलं. दुभाषी चंद्रमोहनबाबू, कलकत्त्याकडचा, पिळलेल्या मिशा, लोटा दोन्ही हातांनी असा आणला की वाटावं आत्ता हिमालयातून उतरलाय. "उठाव. गंगाजल है." मजिस्ट्रेटानं चष्मा काढून ठेवला. मी लोट्यात वाकून बघितलं, तर आत गढूळ पाणी, त्यात एक गवताची काडी गोल गोल फिरतेय... आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, हे गंगेचं नाही, ओढ्याचं आहे, माझ्या बैलाचा पाय लागलाय त्याला. आता मला सांगा, मी काय वावगं बोललो?

चंद्रमोहनबाबूच्या मिशा खाली आल्या. मागं बुवांनी कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मजिस्ट्रेट म्हणाला, हा गंगेला मानत नाही का? मी म्हटलं, मानतो की, म्हणून तर ह्याला मानत नाही. बरं, मग कुराण? म्हटलं, ते आमचं नाही. मग आमचं पुस्तक? म्हटलं, तेही नाही, आणि आत्ताच एकानं त्याचा मुका घेऊन काय सांगितलं ते ऐकलंय मी. बाबू दात खाऊन पुटपुटला, अरे मूरख, सब उठाते हैं! मी म्हटलं, सगळे उचलतात म्हणून बैलाच्या पायाची गंगा होते काय? खरं बोलेन असं सांगायला पहिलं खोटंच बोलू?

मग मजिस्ट्रेटसाहेबानं तो प्रश्न विचारला. म्हणाला, शपथ नाही, पुस्तक नाही, मग तुझा धर्म तरी काय? खोटं बोललास तर तुला भीती कुणाची? देवाचं नाव घ्यावं, तर तो समुद्र ओलांडून आमच्याबरोबर आला की तिकडंच राहिला ते मला कुठं ठाऊक? म्हटलं, "साहेब, माझं बोलणं सगळ्यांत आधी माझ्याच कानात जातं. तेवढीच भीती." बाबूनं ह्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण कारकुनानं मान खाली घालून लिहिलं, धर्म नाही. संपलं! एका शब्दात माझे आईबाप, कुळाचार, खंडोबा, सगळं बुडालं.

साहेब म्हणाला, राहू दे शपथ, नुसतं सांग. आता बघा हं! लोटा नाही, पुस्तक नाही, देव नाही, कोणी बघणारं नाही. खोटं बोलायला याहून मोकळं रान कुठं मिळणार? पाठ केलेलं ओठावर होतं, सोमवारपर्यंत, सोमवारपर्यंत. आणि त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं ना, जसं मी सांगेन ते तो खरंच धरणार आहे... माझी जीभच वळेना! म्हटलं, "शनिवार संध्याकाळपर्यंतच सांगितलं होतं." जयराम माझ्याकडे बघतच राहिला. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग मात्र मी थांबलो नाही. चंपाचा भात सांगितला, रात्र सांगितली, कोंबड्या सांगितल्या, देवळात गेलेली शेजारीण सांगितली, हिराला कळा कधीही सुरू होतील ते सांगितलं. साहेब कोंबड्यांपाशी हसला. म्हणाला, हा आपल्याच मित्राच्या उलट बोलतो, तेव्हा कोंबड्यांचंही खरंच असणार. झाली तेवढी कोठडी पुरे, सोडा याला.

सुटला हो जयराम! त्याच आठवड्यात मुलगा झाला. मला वाटलं, आता माझा सत्कार होणार. तर कसलं काय! वस्तीवर आधीच पोचलेलं, बलरामला धर्म नाही, सरकारात लिहिलंय. मी बुवांकडे गेलो, म्हटलं, तुम्हीच तर म्हणाला होतात! तर बुवा म्हणाले, "मी खोटं बोल म्हणालो होतो. देव सोड म्हणालो नव्हतो."

आणि गंमत पुढं आहे. वस्तीत कुणाची शेळी कुणाच्या वाफ्यात शिरली, भांडण पेटलं, की दोन्हीकडचे माझ्याच दारात. म्हणतात, बलराम, तू सांग, तू सांगशील ते कबूल. खुद्द बुवा आले होते, पाराच्या जागेवरून तंटा झाला तेव्हा! निवाडा ऐकला, मान डोलावली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाले, नको, तुझ्याकडचं चालत नाही.

परवा जयरामच्या पोराचं बारसं झालं. आत पंगत बसली, जयरामला पकडणारा तो शिपाईसुद्धा आत, पाटावर, कारण त्यानं शपथ घेतलेली! मला पान मांडलं बाहेर, ओट्यावर. हिरानं वाढताना एक लाडू जास्त टाकला, डोळे पुसले आणि आत गेली. घरी येताना बायको, आमची कुंती, बरोबर होती. खोपटापाशी आल्यावर म्हणाली, "अहो, त्या दिवशी ओढ्याचं पाणी उचलून खोटं बोलला असतात, तर आज आत बसून जेवला असतात."

आणि तुम्हाला सांगतो, बाई खरं तेच बोलत होती.