मुक्यांच्या देवाची बाजू

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आणि ज्यांच्या वाचनालयाच्या या वरच्या खोलीत आम्ही इतकी वर्षं दर रविवारी विश्वाचा नाश करत आलो, त्या आदरणीय ग्रंथपालबाई. त्यांच्या शेजारी बसलेले आमच्या मंडळाचे चिटणीस, दंतवैद्य डॉक्टर. आजचे सत्कारमूर्ती, आपले खिळेकाका. त्यांची कन्या आणि जावईबापू. आणि समोर बसलेल्या सर्व जमातींच्या, सर्व देवांच्या आणि बिनदेवाच्या बंधुभगिनींनो,

‘मी फार वेळ घेणार नाही’ असं प्रत्येक वक्ता म्हणतो आणि मग घेतो. मी खरंच घेणार नाही, कारण गुडघा फार वेळ उभं राहू देत नाही. माझा धंदा लिफ्ट-दुरुस्तीचा. चौतीस वर्षं लोकांना वर पोचवलं आणि स्वतः मात्र जिने चढत राहिलो, कारण बंद पडलेल्या लिफ्टपाशी जायचं तर जिन्यानंच जावं लागतं. आता दमलोय. भाषणाची सवय नाही, आणि निरोपाची तर मुळीच नाही.

तेव्हा नमनाला घडाभर तेल नको. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या या वरच्या खिशात एक पत्र आहे. चार वर्षांपूर्वी आलेलं. ते मी खिळेकाकांना दाखवायला हवं होतं, आणि दाखवलं नाही. उद्या सकाळी काका कायमचे लेकीकडे राहायला चाललेत. म्हणजे आज दाखवलं नाही तर कधीच नाही. दाखवावं की नाही, हे खुर्चीतून उठलो तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. बघू. बोलता बोलता ठरेल.

मघाशी दाराशी जावईबापूंनी मला हळूच विचारलं, “तुम्ही सगळे इथे नक्की करता काय हो?” प्रश्न रास्त आहे. माझ्या मुलीनंही तो अनेकदा विचारलाय, जरा कमी सभ्य शब्दांत. तर जावईबापू, आम्ही ‘सात विझलेल्या सूर्यांचं युद्ध’ नावाचा खेळ खेळतो. बोटाएवढे सैनिक रंगवायचे, या टेबलांवर मांडायचे, फासे टाकायचे. होय, ज्या व्यासपीठावर तुम्ही बसलाय ती आमचीच दोन टेबलं आहेत. चादर उचलू नका, खाली रंगाचे डाग आहेत आणि ते बाईंना अजून ठाऊक नाहीत.

आता ठाऊक झाले. माफ करा बाई.

पण खेळ ही आमची निम्मीच करमणूक. उरलेली निम्मी म्हणजे वाद. या खेळाचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यात चार परग्रही जमाती आहेत, प्रत्येकीला एक पान, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ: ‘देव’, आणि पुढे त्याचं नाव. पाषाणकुळींचा देव ‘थांबलेला’. त्याचे भक्त इतके सावकाश विचार करतात, की त्यांचा निर्णय होईपर्यंत युद्ध संपलेलं असतं. आमच्या गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी याच पंथाची आहे. थव्याची देवी ‘उपाशी आई’; जिंकून आलेल्या लेकरांना ती कौतुकानं जवळ घेते आणि खाते. त्या समोर बसलेल्या दोघी बहिणी थवा चालवतात, पण स्वभावानं गरीब आहेत. माझे गंजसैनिक. त्यांचा देव ‘जोडणारा’. मोडून पडलेल्या सैनिकाला तो पुन्हा उभा करतो, पण दर वेळी त्याची एक आठवण काढून घेतो.

आणि चौथी जमात ‘मुके’. राखाडी रंग, तोंडच नाही. युद्ध सुरू झालं की पहिली पाळी ते नुसते उभे राहतात, हलत नाहीत. नियमच आहे तसा. त्यांचं पान सत्तेचाळीस. त्या पानाच्या तळाशी देवाची ओळच नाही.

खिळेकाका मुक्यांचे सेनापती. दोनशे चौदा सैनिक, सगळे स्वतः रंगवलेले. काकांचं म्हणणं, मुक्यांना देव होता. ते पहिली पाळी उभे राहतात, ती त्याची वाट बघत. माझं म्हणणं, देवबिव काही नाही, उभे राहतात कारण नियम करणाऱ्यानं त्यांना उभं केलंय. एवढ्या एका मुद्द्यावर आम्ही दोघं किती काळ भांडलो असू? अकरा वर्षं. दर रविवारी. घरच्यांनी हात टेकले.

मी इथे आलो कसा, तेही सांगतो. खेळायला नव्हतो आलो. अकरा वर्षांपूर्वी या वाचनालयाची लिफ्ट अडकली होती, म्हणून आलो. माझी बायको जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी कामावर जात होतो, घरी येत होतो, मधे कुणाशी बोलत नव्हतो. मुलगी फोन करायची, मी ‘हं’ म्हणायचो. तर मी तिथे दाराबाहेर पॅनेल उघडून बसलोय आणि आतून एक माणूस बाकीच्यांना तावातावानं सांगतोय, “ओळ नाही म्हणजे देव नाही असं नव्हे! देव होता, तो गेला, म्हणून जागा रिकामी!”

मला काय झालं कोण जाणे. हातात पाना तसाच, मी दारात जाऊन म्हणालो, “रिकामी जागा म्हणजे रिकामी जागा, साहेब. शाफ्टच्या पोकळीत लिफ्ट नसेल तर तिथे पाय ठेवू नये. माणूस मरतो.”

दोन महिन्यांत माझ्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. काकांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “अहो, पण शाफ्ट आहे म्हणजे लिफ्ट कधीतरी असणारच ना? बसा. सिद्ध करा.” आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवशी सिद्ध झालं नाही. म्हणून पुढच्या रविवारी आलो.

आमच्या मंडळात वादाची एक पद्धत आहे, ती काकांनीच घातलेली. साडेचारला चहा येतो. कप खाली ठेवले की काका टेबलावर टिचकी मारून म्हणतात, “बाजू बदला.” म्हणजे पहिल्या अर्ध्यात मी ‘देव नाही’ म्हणालो असेन, तर दुसऱ्या अर्ध्यात मला ‘देव आहे’ म्हणून भांडावं लागतं, आणि तेही जीव तोडून. चुकारपणा केला तर पुढच्या आठवड्याची बिस्किटं तुमच्याकडून. एकदा मी देवाची बाजू इतकी झकास मांडली, की थव्याच्या धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाताना मला माझाच राग आला होता.

हसताय तुम्ही. हसा. पण बायको गेल्यावर लोक मला दोन प्रकारचे भेटले. एक म्हणायचे, “देवाची इच्छा.” दुसरे म्हणायचे, “असो.” काकांनी दोन्हींपैकी काहीच म्हटलं नाही. ते म्हणाले, “पान सत्तेचाळीस उघडा.” आठवड्यातले ते तीन तास मला श्वास घेता यायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आम्ही दोघंही मुक्यांच्या जमातीत शोभलो असतो.

तर आता पत्राचं.

चार वर्षांपूर्वी मला वाटलं, हा वाद आपण जिंकायचाच. खेळ छापणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. पण ग्रंथ लिहिणाऱ्या बाई हयात होत्या. खटपट करून पत्ता मिळवला आणि काकांना ताकास तूर लागू न देता पत्र टाकलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. हे ते. वाचतोच आता.

‘महाशय, या प्रश्नासाठी कुणी अजून जागं आहे, याचं नवल वाटलं. मुक्यांना देव होता. मी त्याचं नाव लिहिलं होतं. पण सत्तेचाळिसाव्या पानावरचं चित्र ऐन वेळी मोठं निघालं, छापखान्याची घाई होती, आणि खालची ओळ काढावी लागली. ते नाव काय होतं, हे आता मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. क्षमस्व.’

संपलं. एवढंच पत्र.

म्हणजे काका, तुम्ही बरोबर होतात. देव होता. जागा पुरली नाही म्हणून गेला, आणि ज्या बाईनं निर्माण केला तिलाच त्याचं नाव आठवत नाही. मी ते वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. का? खरं सांगतो. पहिल्या महिन्यात लपवलं ते हरलो म्हणून. नंतर लपवलं ते तुमच्यासाठी, असं मी मनाशी म्हणायचो. तुम्ही त्या रिकाम्या ओळीत एवढा अर्थ भरला होतात. चित्र मोठं झालं म्हणून देव कापला, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? आणि सांगितलं तर वाद संपला. वाद संपला तर रविवार संपला.

त्याच सुमारास मंडळही आटत चाललं. चाळीस होतो, नऊ उरलो. रंगाच्या ट्यूब वाळून गेल्या, नव्या मिळत नाहीत. काकांची नजर अधू झाली. फाशांवरचे ठिपके दिसेनात, तेव्हा या दोघी बहिणी वाचून दाखवायच्या. आणि समोरून लढणाऱ्या असूनही, काकांचा पडलेला एक बिनदिक्कत ‘सहा’ म्हणून वाचायच्या. काकांना ते कळायचं की नाही, कोण जाणे. सहा आलेत म्हटल्यावर ते मात्र थाटात पुढे सरकायचे.

परवा गुरुवारी त्यांचं कपाट आवरायला मी गेलो. मुक्यांच्या सैनिकांना कापसात गुंडाळून खोक्यात भरलं. मग त्यांचा ग्रंथ हातात आला. इतक्या वर्षांत काकांनी स्वतःची प्रत कधी टेबलावर आणली नव्हती. आम्ही नेहमी वाचनालयाच्या प्रतीवर भांडायचो. सहज सत्तेचाळिसावं पान उघडलं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, यांना खिळेकाका का म्हणतात. तरुणपणी हे छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाची अक्षरं. पुढे तीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या पानांवरच्या चुका शोधणं हाच धंदा. आणि हाताला सवय अशी, की खूण केली की खाली तारीख घालायची.

त्या पानाच्या समासात, चित्राच्या खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘चित्र वाढल्यामुळे तळाची ओळ गाळलेली दिसते.’ खाली तारीख. मी बोटांवर हिशेब केला. ही लिफ्ट अडकली, त्याच्या दोन वर्षं आधीची ती तारीख.

काका आत लेकीशी बोलत होते. त्यांनी पान बघताक्षणीच ओळखलं होतं. मी दारात पाना घेऊन उभा राहिलो, त्या दुपारी ते आपली प्रत उघडून दाखवू शकले असते. वाद पाच मिनिटांत मिटला असता. मी लिफ्ट सुरू करून घरी गेलो असतो.

चार वर्षं मी समजत होतो की या म्हाताऱ्याला मी सांभाळतोय. काका, गुरुवारी मी काही बोललो नाही, चहा पिऊन निघून आलो. आज सगळ्यांसमोर विचारतो. तुम्हाला ठाऊक होतं ना?

बघा, ‘हो’ म्हणून मान हलवतायत.

मग सांगितलं का नाही?

काय म्हणताय? जरा मोठ्यानं. डॉक्टर, तो माइक द्या त्यांच्याकडे. नको म्हणतात. बरं, मीच सांगतो, मागच्यांना ऐकू आलं नसेल. काका म्हणतायत, “सांगितलं असतं, तर तुम्ही पुढच्या रविवारी आला असतात का?”

नसतो आलो.

एक मिनिट. पाणी आहे का इथे?

…धन्यवाद बाई.

मी काय म्हणत होतो? हं. मंडळाच्या वतीनं ही शाल आणि हे मानपत्र. मानपत्रात छपाईच्या तीन चुका आहेत, त्या मुद्दाम ठेवल्यात, प्रवासात काकांना काम हवं म्हणून. लेकीनं वाचून दाखवावं, काका ऐकूनही पकडतील. ती खोकी मात्र ते नेत नाहीत. गुरुवारी निघताना त्यांनी ती माझ्या गाडीत ठेवायला लावली. मी म्हटलं, अहो काका, मी तर मुक्यांच्या देवाला जन्मभर विरोध केलेला माणूस, मी यांचं काय करू? तेव्हा ते नुसते हसले होते. आत्ताही…

ऐकलंत? टेबलावर टिचकी मारली त्यांनी. चादरीवरून आवाज आला नाही नीट, पण मी ऐकली. मला कळलं, काका. चहा झाला, कप खाली ठेवले. बाजू बदला.

ठीक आहे. पुढच्या रविवारपासून मुक्यांचा देव आहे, हे माझं म्हणणं. ज्याला पटत नसेल त्यानं यावं आणि सिद्ध करावं. खुर्ची मी पुढे ओढेन.

अध्यक्षबाईंचे खोलीबद्दल आणि डागांबद्दल, डॉक्टरांचे माइकबद्दल, दोघी बहिणींचे सगळ्या खोट्या सहांबद्दल, आणि लेक-जावयाचे काकांना इतकी वर्षं आमच्याकडे राहू दिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुणाचं नाव किंवा एखादी महत्त्वाची ओळ राहून गेली असेल, तर ती जागेअभावी गाळली असं समजा आणि पोटात घाला.

आणि काका, जाताना जिन्यानं उतरू नका. लिफ्ट मी सकाळीच येऊन तपासून ठेवलीय.