बोनेटमधली पुरचुंडी

(लालबागमधल्या एका चाळीचं आवार. मे महिन्यातली दुपार. बोनेट उघडं टाकलेली गाडी, इंजिन चालू.)

दीपिका : गॅसच्या नळीवरचा काटा लालमध्ये गेला, निलेश. बंद कर ते आता. फुटेल काहीतरी.

निलेश : काही फुटत नाही गं वहिनी. व्हिडिओत बघितलं ना आपण? गॅसचा डबा उलटा नको, सरळ धर. हलव जरा.

दीपिका : तासभर हलवतेय. हात भरून आले. आणि एसीतून हवा कसली येतेय, वाफ नुसती! साडेतीनला डिस्चार्ज आहे अजितचा.

निलेश : गॅरेजवाला सोमवार म्हणतो, त्याला मी काय करू?

दीपिका : तूच म्हणालास ना, गॅस घरीच भरू, दहा मिनिटांचं काम. डॉकयार्डात फिटर आहेस म्हणून भरवसा ठेवला.

निलेश : जहाजाला एवढंसं बोनेट नसतं गं.

दीपिका : फालतू जोक नकोत. तोंडाचं ऑपरेशन झालंय तुझ्या भावाचं. धूळ नको, घाम नको, काचा बंद ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. टॅक्सी करते म्हटलं तर पाटीवर लिहितो, ‘आपली गाडी आण.’ बोलता येत नाही, पण हट्ट आहे तसाच.

कमळाबाई : (सासूबाई, वरच्या गॅलरीतून) गो दीपिका, पेज झाली हा. अजित कधी येतलो?

दीपिका : चारपर्यंत येईल, आई! तुम्ही गॅलरीत उन्हात उभ्या राहू नका.

निलेश : वहिनी, एक विचारू? तू दादाशी बोलत का नाहीस? काल पाटीवर हेच लिहून दाखवलं त्याने मला.

दीपिका : डबा नेते, औषधं देते, दिवसभर उशाशी बसते. अजून काय करायचं असतं?

निलेश : बोलायचं असतं.

दीपिका : तू गॅसचं बघ.

निलेश : गॅस आत जातच नाहीये. डबा जडच्या जड... थांब. एसी बंद करून परत लाव. टक् असा आवाज आला?

दीपिका : कसला टक्? काही नाही.

निलेश : मग कॉम्प्रेसर फिरतच नाहीये. म्हणून काटा लालमध्ये. गॅस भरलेलाच आहे गं आत! इंजिन बंद कर. मोबाइलचा टॉर्च मार इथे. ही बघ वायर, कुरतडलीय. उंदीर!

दीपिका : म्हणजे मी तासभर मूर्खासारखी...

निलेश : पण उंदीर आला कसा? दादाची पुरचुंडी कुठाय? बॅटरीमागे बांधलेली असते, जाळीत. तंबाखूची.

दीपिका : म्हणजे तुलाही माहीत होतं?

निलेश : काय?

दीपिका : तो चोरून तंबाखू खातो ते! दोन वर्षांपूर्वी श्रेयाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, सोडली म्हणून. मार्चमध्ये वायपरचं पाणी भरायला बोनेट उघडलं, तर पुरचुंडी. दुसऱ्याच दिवशी कॅन्सरचा रिपोर्ट आला. आजारी माणसाशी भांडणार कशी? फेकून दिली आणि गप्प बसले. पण संताप जात नाही रे माझा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला.

निलेश : वहिनी, ती खायची नव्हती. उंदरांसाठी होती. त्या वासाला येत नाहीत ते. आपल्या चाळीतल्या कुशाबांच्या टॅक्सीत बघ, त्यांनीही बांधलीय.

दीपिका : भावाला वाचवू नकोस.

निलेश : अख्खी पानं होती ना, देठासकट? चुन्याची डबी होती बरोबर?

दीपिका : नव्हती.

निलेश : मीच आणली ती, कॉटन ग्रीनच्या दुकानातून. दादा रस्त्यापलीकडेच थांबला. म्हणाला, ‘तू जा. मी जवळ आलो तर माझा हात जाईल.’

कमळाबाई : गो, काय झाला? गाडी बंद पडली काय?

दीपिका : नाही आई. काही नाही.

निलेश : टेप दे ती. हं, जोडली. इंजिन लाव, एसी लाव. ऐकलंस? टक्! काटा बघ, उतरला खाली. गार येतेय की नाही? चल, निघू. अगं, रडतेस काय?

दीपिका : वॉर्डात फोन लाव. सिस्टरना सांग, फोन त्याच्या कानाला धरा.

निलेश : वहिनी, त्याला बोलता येत नाही. आणि अर्ध्या तासात भेटशीलच की.

दीपिका : त्याला नको बोलू दे. मला बोलायचंय.